हीटरची तार

जुन्या गाड्यांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा आठवला तो कल्याण-शीळ रस्ता. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, १९४४ साली स्थापन झालेल्या कंपनीची, पद्मिनी कुर्ल्यात तयार व्हायची. नव्वदच्या दशकात फ्रेंच भागीदारीत पेजो ३०९ याच रस्त्यावर डोंबिवलीत बनू लागली. ती भागीदारी काही वर्षांतच मोडली. प्रीमियर कॉलनी, प्रीमियर मैदान ही नावं मात्र लोकांच्या तोंडी राहिली.

मी रमलो ते त्याच भागातल्या एका गॅरेजात. साठी ओलांडलेले मिस्त्री तिथे जुन्या गाड्यांचे हीटर दुरुस्त करतात. आपल्या हवेत हीटर कशाला, असं गिऱ्हाईक हमखास विचारतं. मुरबाडमार्गे जुलैत माळशेज चढून पाहा. पद्मिनीची पुढची त्रिकोणी काच थोडी फिरवली की छान वारा येतो, पण मुसळधार पावसात ती लावावीच लागते. मग माणसांच्या श्वासानेच समोरची काच धुरकटते आणि फडक्याने पुसावी तर मिनिटात पुन्हा तेच. काचेच्या तळाशी कोमट हवा सोडली की धुकं विरतं. एसी नसलेल्या गाडीत ते काम हीटरचं. घाटात समोरचं दिसणं ही चैन नव्हे.

रचना साधी आहे. इंजिनचं गरम पाणी कॉकमधून डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरमध्ये, म्हणजे कोअरमध्ये जातं. त्यावरून ब्लोअर हवा ढकलतो आणि झडप ती पायांकडे किंवा काचेकडे वळवते. कॉक आणि झडप हलवायला सायकलच्या ब्रेकला असते तशी तार.

मिस्त्री आधी इंजिन तापू देतात. मग कोअरकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी पाइपांना हात लावतात.

‘‘दोन्ही गरम, तर पाणी फिरतंय, झडप बघायची. एक गरम, एक गार, तर कॉक बंद, नाहीतर कोअर चोंदलाय. दोन्ही कोमट, तर कुणीतरी थर्मोस्टॅट काढून फेकलाय.’’

‘‘काढतात कशाला?’’

‘‘गाडी तापू नये म्हणून. मग इंजिन नीट तापतच नाही, साहेब.’’

त्या दिवशीच्या गाडीत एक पाइप गार होता. डॅशवरचा दांडा सरकत होता, कॉक मात्र जागचा हलत नव्हता. तारेचं वरचं आवरण जिथे क्लिपने धरलेलं असतं तिथे क्लिप सैल झाली होती; दांडा ओढला की तारेऐवजी आवरणच मागे-पुढे व्हायचं. कॉक उघडा ठेवून, दांडा ‘गरम’वर नेऊन त्यांनी क्लिप आवळली. दांडा जोराने कधी ओढू नये, असं ते बजावतात. क्षार बसलेला कॉक त्याने तुटतो.

क्लिप बसली, कॉक हलला, तरी पाइप गारच. कोअर चोंदला होता. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी घातल्याचं हे फळ. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी दोन्ही पाइप एकमेकांना जोडून हीटर कायमचा बाद करतात. काम स्वस्तात होतं. मला ते मुळीच पटत नाही. पितळी कोअर उघडून साफ करता येतो, गळका असेल तर डाग देता येतो. पण नव्या गाड्यांत अ‍ॅल्युमिनियम-प्लास्टिकचे कोअर आले तसे डाग देणारे रेडिएटरवाले कमी होत गेले. मिस्त्रींना आता कोअर कल्याणला पाठवावा लागतो आणि तो कधी परत येईल ते सांगता येत नाही. तोवर गाडी गॅरेजात जागा अडवून बसते आणि मालक रोज फोन करून म्हणतो, ‘‘काका, पाइप जोडून टाका ना.’’