गावचे हायस्कूल गावानेच राखावे

सीमाभागातील मराठीचा विषय निघाला की आम्ही मोर्चे, खटले आणि पाट्या यांविषयी बोलतो. गावच्या लहानशा हायस्कूलविषयी मात्र क्वचितच बोलतो. वास्तविक मराठी पुढच्या पिढीत टिकणार की नाही, याचा निकाल पुष्कळ अंशी आठवी, नववी आणि दहावी या ३ वर्गांत लागत असतो. सातवीपर्यंतचे पोर गावच्या शाळेत, आईच्या भाषेत शिकते. खरा प्रश्न उभा राहतो तो सातवीनंतर.

कायद्याचेही तसेच आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. पण ते फक्त प्राथमिक शिक्षणापुरते. त्यापुढे आधार उरतो तो कलम ३० चा. आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क ते अल्पसंख्याकांना देते. म्हणजे माध्यमिक शाळा ही प्रामुख्याने लोकांनी काढायची आणि लोकांनीच सांभाळायची गोष्ट ठरते.

आमच्या वाडवडिलांनी हे कायदा न वाचताच ओळखले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. शिक्षणखाते बदलले, परीक्षेचे मंडळ बदलले, पाठ्यपुस्तके बदलली. तरीही खानापूर आणि बेळगाव तालुक्यांच्या खेड्यांत मराठी हायस्कुले उभी राहिली ती संस्थाचालकांच्या चिकाटीने आणि लोकवर्गणीने. कोणी जागा दिली, कोणी लाकूड दिले, कोणी सुगीनंतर भाताचे पोते दिले. ज्याच्याकडे काही नव्हते त्याने श्रमदान केले.

ही रीत मराठी मुलखाला नवी नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांचे पूर्वज मूळचे दक्षिण कन्नड भागातील मूडबिद्रीचे. भाषेच्या सीमेपलीकडून आलेल्या घराण्यातील माणसाने मराठी खेड्यांना शिक्षण दिले, हे सीमावासीयांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. घरोघरी दळणातले मूठभर धान्य बाजूला काढण्याचा 'मुष्टी फंड' त्यांनी सुरू केला. त्या मुठी-मुठीतून पुढे शेकडो शाळा उभ्या राहिल्या.

खेड्यातील हायस्कूल हे केवळ परीक्षेचे ठिकाण नसते. १५ ऑगस्टचे झेंडावंदन तेथे, खो-खो आणि कबड्डीचे सामने तेथे, स्नेहसंमेलनाचे नाटकही तेथेच. कोणाचा अर्ज लिहायचा असो वा दाखला मिळवायचा असो, पाय गुरुजींकडेच वळतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर यांसारख्या गावांत ग्रामीण साहित्य संमेलने भरतात. ग्रंथदिंडीत पुढे चालणारी मुले शाळेचीच असतात. वाचणारा श्रोता शाळेत तयार झाला नाही, तर उद्या त्या मंडपात बसणार कोण?

मुलींच्या दृष्टीने तर हायस्कूल गावात असणे फारच महत्त्वाचे. पावसाळ्यात ओढे-नाले भरून वाहतात, एसटी वेळेवर येत नाही. शाळा दूर गेली की पहिले शिक्षण थांबते ते मुलीचे.

आज या हायस्कुलांपुढे संकट आहे. शिक्षक निवृत्त होतात, पण अनुदानित शाळेत रिकामी जागा भरायला सरकारची मंजुरी लागते. पट कमी झाला की वर्ग आणि शिक्षक टिकवणे अवघड होते. सरकारच्या धोरणाविरुद्ध आवाज उठवलाच पाहिजे. परंतु सारा दोष सरकारवर टाकून आम्हाला मोकळे होता येणार नाही. प्राथमिक शाळेवर मातृभाषेचे माध्यम सरकार लादू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये दिला. म्हणजे माध्यमाची निवड पालकांच्या हाती आली. शहराच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी सकाळी आमच्याच दारात थांबते आणि आम्हीच मुलाला तिच्यात बसवतो, हे विसरून चालणार नाही.

पालकांची धास्ती खोटी नाही. नोकरीला इंग्रजी लागते, कचेरीत कन्नड लागते. म्हणूनच मराठी हायस्कूलने या दोन्ही भाषा उत्तम शिकवल्या पाहिजेत. कन्नड चांगले येणारा मुलगा मराठीला पारखा होतो, असे नाही. कच्चा राहिलेला मुलगा मात्र शाळेचे नाव घालवतो.

तेव्हा गावकऱ्यांनी काही गोष्टी मनावर घ्याव्यात. एप्रिल-मे महिन्यात सातवी झालेल्या प्रत्येक मुलाच्या घरी पंचमंडळींनी स्वतः जावे. पुणे-मुंबईला स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी रिकाम्या जागेवरील एखाद्या शिक्षकाच्या मानधनाचा भार उचलावा. यात्रा-जत्रेच्या वर्गणीतला थोडा वाटा शाळेच्या वाचनालयासाठी ठेवावा.

बंद पडलेले देऊळ पुन्हा बांधता येते. बंद पडलेले हायस्कूल पुन्हा सुरू करणे महाकठीण असते. येत्या जूनमध्ये आठवीचा वर्ग भरलेला दिसावा, एवढे तरी आमच्या हाती आहे.