वाकलेलं शिंग

शिर्डीजवळच्या लोणीच्या बैलबाजारात मी एका बैलाचं कललेलं शिंग पाहिलं. ‘कुठं धडकलं असंल,’ मालक म्हणाला. सोबतच्या, पशुवैद्यकाचं शिक्षण घेणाऱ्या मुलीने बुंधा चाचपला. तिला शंका आली ती शिंगाच्या कर्करोगाची. तो शिंगाच्या पोकळीतल्या अस्तरात सुरू होतो. तंबाखूने माणसाच्या तोंडात होतो तसाच हाही बहुधा चपट्या पेशींचा. डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत उंदरांच्या स्तनकर्करोगावरून माणसाच्या रोगाचा माग काढला; इथे तसाच धडा दावणीला उभा आहे. बैल डोकं झटकतो, एका नाकपुडीतून रक्त येतं, मग शिंग कलतं. वेळीच शस्त्रक्रिया झाली तर बैल वाचू शकतो. पोळ्याला शिंगं रंगवताना बुंध्यावरूनही हात फिरवावा.