‘लोकल’ म्हणजे नुसते ‘स्थानिक’ नव्हे

मूळ शब्द इंग्रजी, तेव्हा त्याचा अर्थ इंग्रजी कोशातच पाहावा, मराठी कोशाने त्यात पडू नये, असे पुष्कळांना वाटते. ‘लोकल’पाशी हा समज अडतो. इंग्रजीत एक्स्प्रेसच्या उलट, प्रत्येक स्टेशन घेणारी गाडी म्हणजे लोकल. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत आजही हाच भेद पाळतात. तिथे ‘फास्ट लोकल’ म्हणणे वदतोव्याघात ठरेल. डोंबिवलीकर मात्र रोज सकाळी फास्ट लोकलच पकडतो. ठाण्याहून थेट डोंबिवलीला येणारी गाडी लोकल आणि कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर घेत येणारीही लोकल. थांबण्याचा अर्थ गळाला आणि उपनगरी गाडी एवढाच उरला, म्हणून तर ‘फास्ट’ आणि ‘स्लो’ जोडावे लागले. ‘गाडी’च्या संगतीने शब्द स्त्रीलिंगीही झाला: ‘लोकल आली’, ‘लोकल चुकली’. हा अर्थ आणि हे लिंग मराठीने घडवले आहे, मग ते मराठी कोशाने नाही नोंदवायचे तर कोणी?

‘स्थानिक’ हा प्रतिशब्द असताना हे लाड कशाला, असा आक्षेप येतो. स्टेशनवरची मराठी उद्घोषणाच त्याचे उत्तर देते. तिने प्लॅटफॉर्मचा ‘फलाट’ केला, फास्टची ‘जलद’ आणि स्लोची ‘धिमी’ केली. ‘लोकल’ तेवढी तशीच ठेवली. ‘जलद स्थानिक’ येत आहे असे सांगितले, तर फलाटावर कोणाला काय कळणार?

दुसरा गैरसमज याच्या उलट टोकाचा: कोशाने कानावर पडेल तो प्रत्येक अर्थ टिपावा. ‘विनोद ऐकून सगळी लोकल हसली’ यात लोकल म्हणजे प्रवासी, पण तो वेगळा अर्थ नव्हे. ‘सगळी बस हसली’, ‘सारा गाव लोटला’ असेही आपण म्हणतो. ती भाषेची सर्वसाधारण लकब आहे. आधीच्या अर्थावरून जो सहज उमगतो, त्याला स्वतंत्र आकडा देऊ नये. ‘डोंबिवली फास्ट’ या 2005 च्या चित्रपटाचे शीर्षकही नव्या अर्थाची नोंद मागत नाही, मात्र ‘फास्ट’ हा शब्द एकटाच गाडीसाठी चालतो याचा तो छापील पुरावा नक्कीच आहे.

हीच कसोटी ‘लोकल चार्जर’ला लावून पाहावी. तो हजारो किलोमीटरवरून आलेला असला तरी दुकानात लोकलच म्हणवतो, कारण इथे लोकल म्हणजे बिनब्रँडचा, हलक्या प्रतीचा. ‘स्थानिक’वरून हा अर्थ उमगत नाही, तेव्हा त्याला स्वतंत्र नोंद हवीच. यावर कोणी म्हणेल, अशाने आपल्याच गावच्या कारागिराचा माल हिणवणाऱ्या अर्थाला मान्यता मिळेल. ही खंत खरी आहे. पण नोंद म्हणजे शिफारस नव्हे. तो अर्थ गाळला तरी दुकानातले बोलणे बदलत नाही; फक्त मराठी शिकणारा माणूस कोशात ‘स्थानिक’ वाचून फसतो. त्यापेक्षा ‘बोलीत, तुच्छतादर्शक’ अशी खूण करून तो अर्थ गाडीच्या आणि ‘स्थानिक’च्या खाली तिसरा द्यावा.