साडेअकरा मिलिमीटरची आठवण

आमच्या देवगाव रंगारीत रेल्वे नाही. गाडी पाहायची तर लासूर स्टेशन गाठायचे. म्हणून पुण्याला गेलो, की कोथरूडचे जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय मी चुकवत नाही. भाऊ जोशी यांच्या छंदातून ते १९९८ मध्ये उभे राहिले. तिथल्या गाड्या खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या. अशा खेळात सौम्य वीज रुळांतून इंजिनाच्या मोटारीत जाते.

या मापाच्या रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात १४३५. हा युरोपचा गेज. आपल्या १६७६ च्या ब्रॉडगेजला सव्वाएकोणीस लागतील. निजामाच्या काळातल्या मीटरगेजला साडेअकरा पुरेत. ती गाडी लासूरहून केव्हाच गेली. तिचे माप मात्र माझ्याजवळ आहे. पुठ्ठ्याचे डबे मी त्याच मापाने कापतो.