गिटार गोंडपिपरीत, स्टुडिओ टेबलावर!

इलेक्ट्रिक गिटार घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचीय? मग आधी काय घ्यायचं, नंतर काय आणि काय अजिबातच नाही, याचा हिशेब मांडूया. पैसे चुकीच्या क्रमाने खर्च केलेल्या एका गिटारवाल्याकडून!

माझं पहिलं रेकॉर्डिंग अकरा सेकंदांचं होतं. गिटारची केबल, तिच्या टोकाला तीस रुपयांचा कन्व्हर्टर, तो लॅपटॉपच्या माइकच्या भोकात. रिफ वाजवली, सेव्ह केली, मित्राला पाठवली. दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘‘काय वाजवून रायला बे? आग्यामोहोळ उठलं का?’’

मला वाटलं, अ‍ॅम्प नाही म्हणून आवाज असा येतो. त्या वर्षी कापूस विकल्यावर बाबांकडून मागून घेतलेले सात हजार मी अ‍ॅम्पमध्ये घातले. आवाज दणकून आला, शेजारचे काकाही आले! पण रेकॉर्डिंग? ते होतं तिथेच. कारण अ‍ॅम्पमधून बाहेर पडलेला आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारं काही माझ्याकडे नव्हतंच. फोन समोर ठेवून रेकॉर्ड केलं, तर गिटारपेक्षा पंखा जास्त ऐकू येत होता.

पुण्या-मुंबईत अशी चूक झाली तर माणूस दुकानात जाऊन वस्तू बदलून आणतो. गोंडपिपरीहून कोठारी, बल्लारपूर करत एसटीने चंद्रपूर गाठायचं, मोठं दुकान बघायचं तर तिथून पुढे नागपूर आणखी दीडशे किलोमीटर. म्हणजे आपण बहुतेक वेळा वस्तू न वाजवता, ऑनलाइन फोटो बघून घेतो. म्हणून आधी समजून घेणं आपल्यासाठी जास्त गरजेचं.

झऱ्यावर पाच एचपीची मोटर

गिटारचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. लोखंडी तार थरथरली की त्या वेढ्यांमध्ये अगदी क्षीण वीज तयार होते. हाच आपला सिग्नल. तो इतका नाजूक असतो की त्याच्यासमोर कोणतं सॉकेट आहे, यावर आवाज ठरतो.

लॅपटॉपचं माइकचं भोक छोट्या माइकसाठी बनवलेलं असतं. ते गिटारच्या सिग्नलवर फार भार टाकतं. बारीक झऱ्याला पाच एचपीची मोटर लावली तर काय होईल? तसंच. सिग्नल बसतो आणि सगळ्यात आधी जाते ती आवाजातली धार. गिटारला हवं असतं साधारण दहा लाख ओहमचं, म्हणजे एक मेगाओहमचं इनपुट. ते झऱ्यातून ओंजळभरच पाणी घेतं. यालाच ‘हाय-झी’ किंवा ‘इन्स्ट्रुमेंट’ इनपुट म्हणतात.

हे इनपुट ज्या डबीत असतं ती डबी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. एका बाजूला गिटार, दुसऱ्या बाजूला यूएसबी, पुढे हेडफोनचं भोक. अ‍ॅम्पच्या आधी मी हीच घ्यायला हवी होती.

डबी घेताना काय बघायचं?

पहिली गोष्ट, डबीवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलंय का? किंवा गिटारचं चित्र आहे का? नसेल तर पुढे बघूच नका. फक्त ‘लाइन’ लिहिलेल्या भोकात गिटार पुन्हा मिळमिळीत वाजते.

दुसरी गोष्ट, ड्रायव्हर. विंडोजवर गिटार वाजवायची तर ‘एएसआयओ’ प्रकारचा ड्रायव्हर लागतो. कंपनीचा स्वतःचा असेल तर उत्तम. नसेल तर एएसआयओ४ऑल नावाचा फुकट ड्रायव्हर कामाला येतो, पण त्याच्याशी थोडी झटापट करावी लागते.

तिसरी गोष्ट, इनपुट किती? एकटे वाजवणार असाल तर एक गिटारचं आणि एक माइकचं पुरतं. बेरिंगरचा यूएम२ किंवा फोकसराइटचा स्कार्लेट सोलो याच धाटणीचे. पहिल्या प्रकारचे साधे इंटरफेस पाच हजारांच्या आसपास सुरू होतात, दुसऱ्या प्रकारच्यासाठी दहा-बारा हजारांची तयारी ठेवा. किमती बदलत असतात, त्यामुळे घेताना दोन-तीन ठिकाणी नक्की बघा.

आणि एका आकड्याला भुलू नका. डब्यावर ‘१९२ किलोहर्ट्झ’ मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर पाच-सहा किलोहर्ट्झच्या वर फारसा बोलतच नाही. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ आपल्याला भरपूर झालं. यात एका मिनिटाची एक ट्रॅक साधारण आठ एमबीची होते. म्हणजे हार्ड डिस्कचीही चिंता नको.

मल्टी-इफेक्ट पेडल घ्यायचा विचार असेल तर एक सावधगिरी. त्याला यूएसबीचं भोक आहे म्हणजे तो रेकॉर्डिंग करतोच असं नाही. काहींचं यूएसबी फक्त अपडेटसाठी असतं. माहितीपत्रकात ‘यूएसबी ऑडिओ’ असे शब्द आहेत का ते शोधा.

वाजवलं आत्ता, ऐकू आलं नंतर

इंटरफेस आला, गिटार लावली, तार छेडली आणि आवाज जरा उशिरा आला? घाबरू नका. याला लेटन्सी म्हणतात. कॉम्प्युटर आवाजाचे छोटे-छोटे गठ्ठे करून काम करतो. गठ्ठा मोठा, तर उशीर मोठा. सॉफ्टवेअरमध्ये ‘बफर’ नावाची सेटिंग असते. बफर १०२४ ठेवला तर एका गठ्ठ्यालाच २३ मिलिसेकंद लागतात, १२८ ठेवला तर तीनपेक्षाही कमी. येताना आणि जाताना असा दोनदा उशीर होतो, हे लक्षात घ्या.

दहा मिलिसेकंद म्हणजे किती? तेवढ्या वेळात आवाज हवेतून साडेतीन मीटर जातो. म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला अ‍ॅम्प ठेवून वाजवल्यासारखं. ते चालतं. त्याच्या पुढे मात्र बोटं आणि कान यांचं भांडण सुरू होतं. म्हणून रेकॉर्ड करताना बफर कमी, मिक्स करताना जास्त. लॅपटॉप अडखळायला लागला की एक पायरी वर जायचं. नवा लॅपटॉप लगेच घ्यायची गरज नाही.

आणि ब्लूटूथचे इअरफोन? गाणी ऐकायला ठेवा. वाजवताना त्यांचा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या वर सहज जातो. केबलवाले, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या. रात्री अकरालाही वाजवता येतं आणि काकाही झोपतात.

अ‍ॅम्प फुकट मिळतो!

आता त्या आग्यामोहोळाचं रहस्य. माझ्याकडे अ‍ॅम्पचा गोंगाट करणारं सॉफ्टवेअर होतं, पण स्पीकरचं नव्हतं. डिस्टॉर्शन सरळ कानात गेलं की ते घोंघावतंच. अ‍ॅम्पचा स्पीकर आणि त्याची लाकडी पेटी वरचा किरकिरा भाग खाऊन टाकतात, तेव्हा ‘गिटारसारखा’ आवाज होतो. म्हणून अ‍ॅम्प सिम्युलेटरच्या मागे कॅबिनेटची ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ फाइल, म्हणजेच आयआर, लावायलाच हवी. अशा कितीतरी फाइल्स फुकट मिळतात.

अर्थात, घोंघावणं कधी मुद्दामही हवं असतं. बीटल्सनी १९६८ मध्ये ‘रेव्होल्यूशन’च्या सिंगलसाठी गिटार अ‍ॅम्पमध्ये न घालता सरळ मिक्सिंग कन्सोलमध्ये घातली आणि कन्सोललाच ओरडायला लावलं. पण त्यांनी ते ठरवून केलं होतं, मी चुकून!

न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त स्रोत आहे. लिनक्सवाल्यांसाठी गिटारिक्स आहे. रेकॉर्डिंगसाठी रीपर घ्या. त्याची चाचणी ६० दिवसांची असते आणि वैयक्तिक लायसन्स ६० डॉलरचं. मॅक असेल तर गॅरेजबँड आधीच आलेलं असतं. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून घेऊ नका. त्यासोबत येणारा व्हायरस प्रॅक्टिकलच्या फाइल्सही घेऊन जातो.

या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे रेकॉर्ड होते ती कोरी गिटार. आज मेटल टोन लावला, उद्या नको वाटला, बदला. पुन्हा वाजवायची गरज नाही. रेकॉर्ड करताना फक्त मीटर लाल होऊ देऊ नका. सगळ्यात जोरात वाजवलं तरी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिलं, तर पुरे.

पंखा चालू ठेवा, चार्जर काढा

मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात पंखा बंद करून रेकॉर्डिंग करा, असं सांगणारा माणूस इथे कधी राहिलेला नसतो. आनंदाची बातमी अशी की थेट इंटरफेसमध्ये वाजवताना माइकच नसतो. त्यामुळे पंखा, टिनावरचा पाऊस, अंगणातली कोंबडी यातलं काहीही आत येत नाही.

येते ती विजेची गुणगुण. आपली वीज ५० हर्ट्झची. घराला नीट अर्थिंग नसेल, तर तोच ‘हूऽऽऽ’ पिकअपमध्ये शिरतो. उपाय सोपे. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. पंख्याचा रेग्युलेटर आणि ट्यूबलाइटपासून लांब बसा. जागेवरच थोडं वळून बघा, एका कोनात गुणगुण कमी होते. सिंगल कॉइल पिकअपला हा त्रास जास्त, हंबकरला कमी. वीज गेली तर मूड घालवू नका. इंटरफेस यूएसबीवर चालतो, लॅपटॉप बॅटरीवर. अशा वेळी आवाज सगळ्यात स्वच्छ येतो, हा माझा अनुभव. पण अर्थिंगच नसेल तर आधी वायरमनला बोलवा. तो खर्च गिटारसाठी नाही, जिवासाठी आहे.

खिशात बघून क्रम ठरवा

काहीशे रुपये: नव्या तारा, ट्यूनिंग आणि तीन मीटरची बरी केबल. गंजलेली तार कोणतंही सॉफ्टवेअर चकाकवत नाही.

पाच-सहा हजार: हाय-झी इनपुट असलेला साधा इंटरफेस. हेडफोन सध्या घरातले केबलवाले.

दहा ते पंधरा हजार: स्वतःचा ड्रायव्हर असलेला इंटरफेस आणि कान झाकणारे हेडफोन.

त्यानंतर: गाण्यासाठी माइक. अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी आणि तोही स्टेजवर वाजवणार असाल तरच.

हे सगळं करायचं कशासाठी? स्टीव्ह लेसी नावाच्या अमेरिकन पोराने आयफोनला छोटंसं अडॅप्टर लावून त्यावर गिटार रेकॉर्ड केली. त्याने तयार केलेलं ‘प्राइड’ केंड्रिक लमारच्या २०१७ च्या ‘डॅम’ अल्बममध्ये आलं आणि त्या अल्बमला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. पण मला त्याच्यापेक्षा जवळचं एक उदाहरण दिसतं. दिवाळी झाली की वडशाहून झाडीपट्टीची नाटकं निघतात. रात्रभर प्रयोग, संगीत तिथल्या तिथे वाजवलेलं. उजाडलं की ते हवेत विरून जातं. आपल्या गावात ढोल वाजवणारे हात आहेत, दंडारीची गाणी पाठ असणाऱ्या आज्या आहेत. इंटरफेसचं दुसरं इनपुट त्यांच्यासाठीच आहे, असं समजा. एका भोकात तुमची गिटार, दुसऱ्यात आजीसमोर ठेवलेला माइक. मात्र आधी तिला विचारा आणि झाल्यावर हेडफोन तिच्या कानाला लावा.

माझा अ‍ॅम्प आता कोपऱ्यात आहे, त्यावर स्टँड फॅन ठेवलाय. परवा त्याच मित्राला नवीन रिफ पाठवली. बराच वेळ काही आलंच नाही. मग मेसेज आला, ‘‘काहून बे, कोणत्या स्टुडिओत गेलता?’’