सीलिअ‍ॅक रोगाचे ऊतकनिदान : परीक्षकांतील एकमताची मर्यादा

गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे, आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या व्यक्तींच्या लघ्वांत्राच्या अंतःस्तरास इजा पोहोचते. हाच सीलिअ‍ॅक रोग होय. त्याचा गव्हाशी असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० सालच्या आपल्या प्रबंधात मांडला. पुढे १९५६ मध्ये मार्गो शायनर यांनी तोंडावाटे नळी घालून लघ्वांत्राचा तुकडा काढण्याची रीत प्रसिद्ध केली आणि ऊतकपरीक्षा हा निदानाचा मुख्य आधार ठरला. निदान झालेल्या रुग्णास गहू, जव व राय ही धान्ये जन्मभर वर्ज्य करावी लागतात. निदान हुकल्यास रक्तक्षय, अस्थींची दुर्बलता आणि क्वचित आतड्याचा कर्करोगही संभवतो. म्हणून एकच काचपट्टी दोन विकृतिवैज्ञानिकांनी स्वतंत्रपणे पाहिली असता त्यांची मते कितपत जुळतात, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

परीक्षक मुख्यतः तीन गोष्टी पाहतो : रसांकुरांची उंची, त्यांच्या तळाशी असलेल्या गर्तिकांची खोली आणि उपकलास्तरात शिरलेल्या लसीका कोशिकांची संख्या. निरोगी ग्रहणीत रसांकुराची उंची गर्तिकेच्या खोलीच्या सुमारे तिप्पट असते. या बदलांची प्रतवारी मायकेल मार्श यांनी १९९२ मध्ये लावली. १९९९ मध्ये ओबरहुबर व सहकाऱ्यांनी तिच्यातील तिसऱ्या प्रकाराचे, म्हणजे रसांकुरांच्या ऱ्हासाचे, सौम्य, स्पष्ट व संपूर्ण असे तीन पोटविभाग केले.

एकमत मोजताना नुसती टक्केवारी फसवी ठरते. समजा, दोन परीक्षकांनी १०० काचपट्ट्या पाहिल्या आणि प्रत्येकाने ९० ठिकाणी रोग असल्याचे सांगितले. अशा स्थितीत डोळे मिटून मते दिली तरी योगायोगानेच ८२ ठिकाणी ती जुळतील. प्रत्यक्षात ९२ जुळली असतील, तर योगायोगापलीकडे शक्य असलेल्या १८ पैकी १०च गुण पदरी पडले. म्हणजे गुणांक सुमारे ०.५६. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कॅपा गुणांक तो हाच.

इटलीतील कोराझा व व्हिलानाची यांनी २००५ मध्ये प्रकारांची संख्या तीनवर आणली : ऱ्हास नसलेला, रसांकुर आखूड पण दिसणारा आणि रसांकुर न दिसणारा. २००७ च्या तुलनेत सहा परीक्षकांचा सरासरी कॅपा मार्श-ओबरहुबर पद्धतीत ०.३५, तर या सुटसुटीत पद्धतीत ०.५५ आला. पायऱ्या जितक्या अधिक, तितक्या मतभेदाच्या जागाही अधिक, हे यावरून दिसते.

परंतु दोष सर्वस्वी वर्गवारीचा नाही. तुकडा तिरपा कापला गेला तर धडधाकट रसांकुरही आखूड व रुंद दिसतात. रोगाचे बदल सर्वत्र सारखे नसून ठिकठिकाणी विखुरलेले असतात. म्हणून ग्रहणीच्या सुरुवातीच्या भागातून एक-दोन आणि पुढील भागातून किमान चार नमुने घ्यावेत, असा संकेत आहे. लसीका कोशिकांची मर्यादाही स्थिर राहिली नाही. पूर्वी दर १०० उपकला कोशिकांमागे ४० ही संख्या अधिक मानली जाई. पुढे २५ ही मर्यादा रूढ झाली. सर्वांत मोठी अडचण अशी की केवळ लसीका कोशिकांची वाढ जिआर्डिया, हेलिकोबॅक्टर किंवा वेदनाशामक औषधे यांमुळेही होऊ शकते. भारतात उष्णकटिबंधीय स्प्रू हा रोगही हुबेहूब तसेच चित्र उभे करू शकतो.

तात्पर्य, पूर्ण सपाट अंतःस्तर आणि पूर्ण निरोगी अंतःस्तर या दोन टोकांना मतभेद थोडा. तो साचतो मधल्या पट्ट्यात. निसर्गात हा बदल अखंड उतरंडीसारखा असतो. तिच्यावर रेषा परीक्षक ओढतो. दोन जाणत्या परीक्षकांनी ती किंचित वेगळ्या ठिकाणी ओढली, तर ते अज्ञानाचे लक्षण नव्हे. मात्र रुग्णाचा जन्मभराचा आहार त्या रेषेवर ठरतो.

यावर उपाय आहेत. नमुना नीट उभा बसवून पुन्हा कापणे आणि नजरेच्या अंदाजाऐवजी उंची व खोली प्रत्यक्ष मोजणे, हे त्यांतील पहिले. दुसरा उपाय रक्तातील प्रतिपिंडांशी मेळ घालण्याचा. युरोपीय बालजठरांत्र संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेनुसार, ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी प्रतिपिंडे मर्यादेच्या दसपट किंवा अधिक असतील आणि दुसऱ्या रक्तनमुन्यात एंडोमायसियमविरोधी प्रतिपिंडे आढळली, तर मुलांत ऊतकपरीक्षेविनाही निदान करता येते. तिसरा उपाय संगणकाचा. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२५ मध्ये काचपट्ट्यांच्या प्रतिमांवरून निदान करणारी प्रणाली प्रसिद्ध केली. तिची अचूकता ९७ टक्क्यांहून अधिक आढळली. तथापि, अशी प्रणाली शिकते ती विकृतिवैज्ञानिकांनीच दिलेल्या निदानांवरून. ज्या मधल्या पट्ट्यात शिक्षकांचेच एकमत नाही, तेथे तिचे उत्तर एकसारखे येईल. पण एकसारखे उत्तर म्हणजे खरे उत्तर नव्हे.

म्हणून ऊतकपरीक्षेचा अहवाल अंतिम निकाल न मानता पुराव्याचा एक भाग मानणे इष्ट. कोणता प्रकार, हे लिहिताना नमुने किती, ते नीट बसले होते की नाही आणि निर्णय सीमेवरचा आहे काय, याची नोंद अहवालात असावी. तसे झाल्यास मतभेद नाहीसा होणार नाही. परंतु तो लपून राहणार नाही आणि चिकित्सकाला त्याचे मोल ठरवता येईल.