ध्वनिव्यवस्थेची ओळख (भाग ६) : आधी गेन, मग फेडर

मिक्सरवरची नॉबची गर्दी पाहून नवखा मुलगा बिचकतो. पण ती गर्दी म्हणजे एकच उभी रांग शेजारी शेजारी मांडलेली असते. एक चॅनल समजला की बाराही समजले. मागच्या आठवड्यात आपण माईक आणि केबल पाहिली. आज केबल जिथे जाऊन लागते, तिथून खाली फेडरपर्यंत उतरू. समोर हुपरीतलं भजन धरू : बुवा, पेटी, पखवाज आणि टाळकरी.

सगळ्यात वर गेन. गाणाऱ्यापुढच्या डायनॅमिक माईकमधून येणारा विद्युतदाब जेमतेम काही मिलिव्होल्ट असतो. मिक्सरला आतल्या कामासाठी तो व्होल्टच्या घरात लागतो. ही वाढ गेन करतो. ६० डेसिबल गेन म्हणजे दाब १,००० पट. कमी ठेवला तर पुढे सगळं वाढवावं लागतं आणि बुवांच्या आवाजाबरोबर सूं सूं येते. जास्त ठेवला तर लाल दिवा पेटतो, आवाज फाटतो. हुपरीच्या वाचकांना वेगळं सांगायला नको : आटणीतच चांदी हिणकस निघाली तर पैंजणाला कितीही पॉलिश करून काय उपयोग? गेनवर फाटलेला आवाज पुढचा कुठलाच नॉब सांधत नाही.

म्हणून ‘हॅलो, हॅलो’वर गेन लावू नये. बुवांना गजर म्हणायला सांगावं, तोही टिपेचा. पीएफएलचं बटण दाबलं की त्या एकाच चॅनलची पातळी मीटरवर दिसते. ती शून्याच्या आसपास खेळली, लाल दिवा गप्प राहिला, की गेन बसला. मग कार्यक्रमभर त्याला शक्यतो हात लावू नये.

पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेतला धनगरी ढोल असेल, तर गेन पार कमी करूनही दिवा पेटू शकतो. त्यासाठी पॅडचं बटण असतं. ते आवाज आत शिरतानाच, बहुधा २० डेसिबलने, उतरवतं. ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा कंडेन्सर माईकला लागतो. तो चालू-बंद करताना फेडर खाली हवा, नाहीतर स्पीकरमध्ये जोराचा धडाका होतो.

लो-कटचं बटण बिचारं दुर्लक्षित राहतं. ते साधारण ८० ते १०० हर्ट्‌झखालचा भाग काढतं : वाऱ्याची घरघर, स्टेजवरच्या पावलांची धडधड. बुवांच्या माईकवर ते जरूर दाबावं. पखवाजावर मात्र नको. डाव्या पुडीला कणीक लावून वादकाने जो घुमारा कमावलेला असतो, त्याचाच पाया त्याने जातो.

बेस, मिड, ट्रेबल आधी मधोमध ठेवावेत. शब्द कळत नसले की आपला हात सवयीने ट्रेबल वाढवायला जातो. त्याआधी २०० ते ४०० हर्ट्‌झचा घोगरेपणा थोडा कमी करून पाहावा. पेटी आणि आवाज तिथेच एकमेकांत गुंततात. अभंग शब्दांसाठी ऐकला जातो. ते शब्द झाकणारा बेस कितीही भरदार वाटला तरी चुकीचाच.

ऑक्सचा नॉब आवाजाची दुसरी वाट उघडतो. मॉनिटरला जाणारी वाट प्री-फेडर हवी, म्हणजे आपण फेडर हलवला तरी बुवांना स्टेजवर ऐकू येणारं बदलत नाही. एकोची वाट पोस्ट-फेडर हवी, म्हणजे आवाज उतरला की एकोही उतरतो. शिट्टी वाजली तर अनेकदा दोष मॉनिटरचा असतो : एक तर तो फार वाढवलेला असतो, नाहीतर माईकच्या तोंडासमोर ठेवलेला.

पॅन मधोमध राहू द्या. मंडपात एका बाजूला बसलेल्या माणसालाही पखवाज ऐकू यायला हवा.

शेवटी फेडर. शून्याच्या खुणेजवळ तो जरासा सरकवला तर एक-दोन डेसिबलचा फरक पडतो; तळाशी तेवढ्याच सरकण्याने दहा-वीसचा. गेन नीट असला तर फेडर शून्याजवळ राहतो आणि तिथेच हात बारीक काम करू शकतो. बुवा ऐकू येत नसतील तर आधी पेटी आणि टाळ थोडे खाली घ्या. सगळेच फेडर वर ढकलत गेलं की शेवटी कुणीच ऐकू येत नाही.

भजनी मंडळांना एक विनंती : अर्धा तास आधी या आणि एकेकाने वाजवून-गाऊन दाखवा. मिक्सरवरच्या मुलाला तेवढा वेळ द्या. पुढच्या आठवड्यात मास्टर फेडर आणि अ‍ॅम्प्लिफायर.